उमराव घराण्यातलं पात्र खेळवताय? या चुका टाळा

रोल-प्लेइंग खेळात प्रत्येक जण एक पात्र वठवतो आणि निकाल फासे लावतात. अशा खेळाच्या नवीन कॅम्पेनच्या (सलग चालणाऱ्या कथेच्या) पहिल्या दिवशी कुणीतरी हमखास म्हणतं, "माझं कॅरेक्टर ड्यूकचा मुलगा आहे." पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "मग मला काय काय मिळेल?"

यातली सगळ्यात महाग चूक मी स्वतः केली आहे. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) पाचवी आवृत्ती, पात्रं पहिल्या लेव्हलची, म्हणजे अगदी नवखी, आणि खेळ चालवणारा डीएम मी. आमच्या एका भिडूने विचारलं, "दादा, ड्यूकच्या वाड्यात एक प्लेट आर्मर नसेल का?" मला पटलं, मी ते अंगभर पोलादी चिलखत देऊन टाकलं. नियमांच्या पुस्तकात त्याची किंमत 1500 सोन्याची नाणी आहे आणि नोबल बॅकग्राउंडच्या (उमराव पार्श्वभूमीच्या) थैलीत मिळतात 25. त्याचा एसी, म्हणजे वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा, झाला 18. गॉब्लिनला (छोट्या राक्षसाला) त्याच्यावर वार लागायला, स्वतःचा बोनस धरूनही, फाशावर 14 हवे, तर आमच्या विझर्डवर (जादूगारावर) 8 पुरे. साहेबांना ओरखडाही उठेना, म्हणून मी चिडून एक ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, आणला. ओगरने साहेबांना सोडून विझर्ड गाठला आणि एका फटक्यात आडवा केला. विझर्ड खेळणारी मुलगी पुढच्या रविवारी आलीच नाही. तिचं काय चुकलं होतं?

तेव्हापासून माझ्याकडे वारसाहक्काची वस्तू असते, पण ती दुसऱ्याच्या ताब्यात. आर्मर आहे ना, काकांकडे आहे. काका देत नाहीत.

दुसरी चूकही डीएम लोकांचीच. खानदान म्हणजे पर्सुएजनच्या (मन वळवायच्या) फाशाला प्लस दोन, की झालं काम! अरे, पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या पुस्तकात नोबलला स्पष्ट हक्क दिलाय: गरज पडली तर स्थानिक सरदाराची भेट मिळते. त्या भेटीसाठी फासे टाकायला लावू नका. आत गेल्यावर पदरात काय पडतं, त्याला हवे तर टाका. 2024 च्या सुधारित पुस्तकात हा हक्कच काढलाय. उरले दोन स्किल (कौशल्यं), अत्तर, भारी कपडे, 29 नाणी वगैरे. मी जुनाच नियम चालवतो, कुणी नाक मुरडलं तरी.

नोकर-चाकर. जुन्या पुस्तकातल्या पर्यायात तीन मिळतात, पण ते लढत नाहीत आणि भुयारात उतरत नाहीत. त्यांना सापळे तपासायला पुढे ढकलणाऱ्याचे नोकर माझ्या टेबलावर त्याच रात्री पळून जातात.

खर्च विसरणं. उमरावी राहणीला दिवसाला निदान 10 नाणी लागतात. महिनाभर हा हिशेब लावा, बडा घर पोकळ वासा म्हणजे काय ते आपोआप कळतं.

फुकट पदवी. गर्प्स या दुसऱ्या रोल-प्लेइंग खेळात पात्र बनवताना स्टेटसच्या (सामाजिक दर्जाच्या) प्रत्येक पायरीला 5 पॉइंट मोजावे लागतात. वॉरहॅमर रोल-प्लेइंग खेळाच्या चौथ्या आवृत्तीत नोबलची सुरुवातच सोन्याच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, दर्जावर होते, पण तो दर्जा टिकवायला तसं राहावंही लागतं. "माझं पात्र राजघराण्यातलं, पण कुणाला माहीत नाही" म्हणणाऱ्यांना दोन्हीकडचं फुकट हवं असतं.

माझी सवय म्हणाल तर पात्राच्या शीटवर नोबल लिहिण्याआधी तीन ओळी मागतो: घरात तुझ्या वर कोण आहे, कोणाचं देणं आहे, आणि रस्त्यात तुला कोण ओळखेल. "नंतर ठरवू" म्हणणाऱ्याला मी सरळ शेतकरी करतो.

तो आर्मरवाला भिडू अजून येतो. नव्या कॅम्पेनमध्ये आठ महिने झाले, तो काकांना पत्रं लिहितोय. परवा उत्तर आलं: आधी चुलतबहिणीच्या लग्नाला ये.