अंपायर व्हायचंय? मग आधी मैदानात उन्हात उभं राहायची तयारी ठेवा

आधी एक गैरसमज काढून टाका, अंपायर व्हायला रणजी (राज्याराज्यांच्या संघांची मोठी स्पर्धा) खेळलेलं असावंच लागतं असं काही नाही. ऑस्ट्रेलियाचा अंपायर सायमन टॉफेल एकही फर्स्ट क्लास (रणजीसारखी वरच्या दर्जाची) मॅच खेळला नव्हता आणि २००४ ते २००८ सलग पाच वर्षं आयसीसीचा, म्हणजे जागतिक क्रिकेट संघटनेचा, बेस्ट अंपायर तोच. आपल्या नवी मुंबईची वृंदा राठी तर आधी स्कोअरर होती, २०१३च्या महिला वर्ल्डकपला स्कोअरिंग करताना न्यूझीलंडच्या कॅथी क्रॉसना अंपायरिंग करताना बघितलं आणि हे डोक्यात बसलं, मग जानेवारी २०२३ मध्ये रणजीत उभी राहिली. त्याच सीझनला एन. जननी आणि गायत्री वेणुगोपालनपण होत्या, त्याआधी रणजीत मैदानावर महिला अंपायर नव्हत्याच.

तर सुरुवात राज्याच्या असोसिएशनच्या परीक्षेपासून. आपल्याकडे एका राज्यात तीन आहेत, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ, त्यामुळे आपण कुठल्यात येतो ते आधी बघून घ्या (गोव्याची वेगळी). एमसीसीचे (क्रिकेटचे नियम ठरवणारा लंडनचा क्लब) ४२ कायदे वाचा, पाठ करू नका, प्रत्येक कायद्याला 'असं झालं तर?' विचारत वाचा. कारण प्रश्न तसेच येतात. २०२२ला बीसीसीआयच्या (भारताचं क्रिकेट बोर्ड) परीक्षेत विचारलं होतं की पॅव्हेलियनची, झाडाची किंवा फिल्डरची सावली पिचवर पडते आणि बॅट्समन तक्रार करतो, काय कराल? पॅव्हेलियन आणि झाडाचं सोडून द्यायचं, फिल्डरला मात्र हलू नको म्हणून सांगायचं, हलला तर डेड बॉल, म्हणजे तो बॉल धरायचा नाही. त्या वेळी १४० जण बसले होते आणि पास किती, तर ३!

राज्याची परीक्षा पास झालात की क्लबच्या मॅचेस मिळतात आणि खरं शिक्षण तिथेच. मुंबईच्या आझाद मैदानावर स्क्वेअर लेगला (बॅट्समनच्या बाजूला, दुसऱ्या अंपायरची जागा) उभं राहिलं की शेजारच्या मॅचचा फिल्डर आपल्या खांद्याला खांदा लावून उभा असतो, त्यात आपलाच बॉल शोधायचा. मी पहिल्याच सीझनला बोलता बोलता मोजणं विसरलो आणि सात बॉलची ओव्हर टाकून घेतली, बॉलर जाम चिडला, पण कायद्यानं अंपायरनं मोजली तीच ओव्हर धरतात. तेव्हापासून हातात काउंटर, आणि गप्पा बंद.

एलबीडब्ल्यूला (स्टंपकडे जाणारा बॉल पायानं अडवला म्हणून आउट) घाई करू नका. क्रमानं जा: नो बॉल नाही ना, टप्पा लेग स्टंपच्या (बॅट्समनच्या पायाकडचा) बाहेर नाही ना (असेल तर तिथेच विषय संपला), आधी बॅट लागली का, पॅडला लागला तेव्हा स्टंपच्या लाइनमध्ये होता का, आणि मग शेवटी स्टंपला लागला असता का. ऑफ स्टंपच्या (दुसऱ्या बाजूचा) बाहेर लागला आणि शॉट खेळायचा प्रामाणिक प्रयत्न होता तर नॉट आउट. हे सगळं दोनतीन सेकंदात, आणि अपील झालं नसेल तर कितीही प्लंब (उघड आउट) असला तरी बोट वर नाही.

पुढे राज्य तुमचं नाव बीसीसीआयच्या परीक्षेला पाठवतं, लेखी, तोंडी, व्हिडिओ, फिटनेस सगळं. तिथून ज्युनियर मॅचेस, रणजी, मग बोर्डानं नाव दिलं तर आयसीसीचं इंटरनॅशनल पॅनल आणि सगळ्यात वर एलिट पॅनल, तिथे जगभरातून डझनभरच माणसं. आपला भारतीय अंपायर नितीन मेनन २२व्या वर्षी खेळणं सोडून अंपायरिंगकडे वळला आणि एलिटला पोचला २०२० मध्ये, वय ३६, तरी तेव्हा पॅनलमध्ये सगळ्यात लहान. म्हणजे नोकरी लगेच सोडू नका, आधी रविवारच्या मॅचेस करा.