विजेच्या वस्तू दुबईहून आणायच्या की नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून घ्यायच्या?

आधी वस्तूमागचं लेबल वाचा. ‘इनपुट 100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ’ लिहिलं असेल तर लॅपटॉपचा चार्जर इथे बिनधास्त चालतो. दुबईची तीन चौकोनी पात्यांची पिन तेवढी बदला. अमेरिकेतला मिक्सर मात्र 120 व्होल्टचा. तो आपल्या 230 वर लावला की मोटर जळालीच. पिनचा साधा अडॅप्टर व्होल्टेज उतरवत नाही, इथेच लोक फसतात.

प्रौढ प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्कमुक्त आणता येतो. फ्लॅट टीव्हीची सवलत 2013 मध्येच गेली. टीव्ही, फ्रिज, एसी सीताबर्डीवरूनच घ्या. एसीच्या कॅटलॉगमध्ये बाहेरच्या 52 अंश तापमानापर्यंत चालेल असं लिहिलंय का पाहा. नागपूरचा मे 45 च्या पुढे जातो. बिलावर सिरियल नंबर घ्याच, नाहीतर वॉरंटीत घोळ होतो.