फांदी उतरवण्यापासून फाटी रचण्यापर्यंत

गोव्यात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरतो. चुलीसाठी किंवा न्हाणीतल्या भाणाखाली (पाणी तापवायच्या मोठ्या भांड्याखाली) जाळण्यासाठी तोपर्यंत सुकी फाटी, म्हणजे जळाऊ लाकडे, हवी असतील, तर तोडकाम डिसेंबर-जानेवारीत उरकावे, कारण मे महिन्यात घाईने तोडलेले लाकूड पावसाळाभर फक्त धूर देते. काजू आणि आंबा यांच्या जिवंत फांद्या मोहोराच्या दिवसांत छाटू नयेत. तेव्हा वठलेली फांदीच तेवढी काढावी. अख्खे झाड पाडायचे असल्यास ते स्वतःच्या आवारातले असले, तरी १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

चढण्याच्या साधनांत काटकसर करू नये. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळणारा स्वस्त, हलका प्लास्टिकचा दोर पुष्कळजण वापरतात. तो घर्षणाने वितळतो आणि उन्हाने ठिसूळ होतो. झाडावर चढण्यासाठीच बनवलेला, कमी ताणला जाणारा ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा दोर, कमरेला व मांड्यांना आधार देणारा हार्नेस, आपोआप बंद होणारे कुलूपबंद कॅराबिनर (दोर आणि हार्नेस जोडणाऱ्या धातूच्या कड्या) आणि हनुवटीच्या पट्ट्याचे हेल्मेट एवढे तरी हवेच. करवत चालवताना दोन स्वतंत्र दोरांनी बांधलेले असावे, म्हणजे एक चुकून कापला गेला तरी दुसरा राहतो. काटेरी बूट जिवंत झाडाची साल फाडतात, म्हणून ते फक्त पाडायच्या झाडावर वापरावेत. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी कॅराबिनर गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करून ठेवावेत. खाली दुसरा माणूस असावा आणि वेळ पडल्यास वर येऊन सोडवण्याइतके त्यालाही चढता यावे. चढण्यापूर्वी वर नीट पाहावे: हुमल्यांची, म्हणजे चावऱ्या तांबड्या मुंग्यांची, पानांची घरटी, मधमाश्यांचे पोळे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विजेची तार. तार जवळ असेल, तर वीज बंद करून मिळेपर्यंत झाडाला हात लावू नये.

जाड फांदी एका घावात कापली, तर ती मोडताना खोडाची साल सोलून खाली घेऊन जाते. म्हणून खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश कापावे, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदीचे वजन उतरवावे. उरलेला खुंट शेवटी काढावा, मात्र फांदी खोडाला मिळते तिथली सुजल्यासारखी वळी शाबूत ठेवावी, कारण जखम तिथूनच भरते.

सुरू, अकेशिया यांचे ओंडके ओले असतानाच फोडावेत. वाळल्यावर पाचर आणि घणही हार खातात. ताज्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते आणि ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून जाते, म्हणून तुकडे साधारण ४० सेंटिमीटर लांबीचे आणि मनगटापेक्षा थोडे जाड ठेवावेत.

माझी पहिली चळत मी ताडपत्रीने जमिनीपर्यंत गुंडाळली होती. ऑगस्टमध्ये उघडली तेव्हा फाटी पांढऱ्या बुरशीने मऊ पडली होती. लाकूड वाऱ्याने वाळते, आणि तोच मी अडवला होता. चिऱ्यांवर आडव्या दांड्या टाकून चळत जमिनीपासून वीतभर वर घ्यावी, म्हणजे वाळवीही चढली तर लगेच दिसते. मेअखेरपर्यंत ती अंगणातल्या उघड्या वाऱ्यात ठेवावी आणि मग पूर्वेकडच्या किंवा उत्तरेकडच्या पडवीत हलवावी, कारण पावसाची झड नैऋत्येकडून येते. भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे आणि छप्पर नसेल, तर आच्छादन केवळ माथ्यावर घालून बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

वाळले की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. दोन-तीन फाट्यांवर खडूने खूण करून दर आठवड्याला ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावीत. सलग दोन आठवडे वजन घटले नाही, म्हणजे त्या हवेत सुकायचे तेवढे लाकूड सुकले. जुलैच्या दमट हवेत सुके लाकूडही पुन्हा ओलावा ओढते, म्हणून आठवड्यापुरती फाटी चुलीच्या उबेला, पण ठिणगी पोहोचणार नाही इतक्या अंतरावर आणून ठेवावीत. चळतीतून ती नेहमी वरून काढावीत आणि आधी काठीने हलवावीत. पावसात कोरडी जागा शोधत विंचू आणि फुरसे तिथेच येऊन बसतात.