दातांचा नवा ब्रिज नीट बसत नाही असं वाटतंय? या चुका टाळा

ब्रिज म्हणजे नसलेल्या दाताच्या जागी, शेजारच्या दातांच्या आधाराने सिमेंटने बसवलेले कृत्रिम दात. तो बसवून गेलेला माणूस परत येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, काहीतरी बरोबर नाही." काय बरोबर नाही? "ते सांगता येत नाही." कधीपासून? "बसवल्यापासूनच." मग इतके दिवस का थांबलात, असं विचारलं की बहुतेक जण ओशाळं हसतात. ब्रिज थोडा उंच असणं, म्हणजे चावताना बाकीच्या दातांआधी तोच लागणं, ही फार मोठी गोष्ट नाही, पाच-दहा मिनिटांचं काम असतं. ते लांबवत नेलं की मोठं होतं.

बधिर तोंडाने "ठीक आहे" म्हणणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि त्यात डॉक्टरांचाही वाटा आहे. इंजेक्शनचा असर काही तास राहतो. खालच्या जबड्याच्या इंजेक्शनने अर्धा ओठ आणि जीभही बधिर होते. अशा तोंडाने "चावून बघा, कसं वाटतंय?" या प्रश्नाला काय उत्तर देणार? पेशंटला घरी जायची घाई असते, डॉक्टरांचा पुढचा पेशंट बाहेर बसलेला असतो, आणि दोघांच्या सोयीने "ठीक आहे" होऊन जातं.

बधिरपणा नसेल तर तुमचे दात फार बारीक मोजतात. वरच्या-खालच्या दातांमध्ये वीसेक मायक्रॉन जाडीचं काही आलं तरी ते जाणवतं. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. ही जाणीव मुळाभोवतीच्या तंतूंमधून येते, त्यामुळे रूट कॅनाल झालेला दातही उंची ओळखतो. "नस काढलीय, मला काय कळणार" असं समजून गप्प बसू नका.

दुसरं, खुर्चीत आडवं पडल्यावर खालचा जबडा किंचित मागे सरकतो आणि दात वेगळ्या ठिकाणी मिळतात. मी खुर्ची सरळ करतो, पाय जमिनीवर ठेवायला लावतो, मग दात टेकतात तिथे ठिपका उमटवणारा रंगीत कागद ठेवून टकटक चावायला आणि नंतर जबडा डावी-उजवीकडे घासायला सांगतो. तुमच्या डॉक्टरांनी हे केलं नाही तर तुम्हीच म्हणा, "जरा बसून बघू का?" कोणी रागावत नाही. सुन्न असाल तर सरळ सांगा की आज कळत नाहीये, उद्या येतो.

"सवय होईल"

नवी चप्पल चावते, मग सैल होते, हे बरोबर. चामडं सैल होतं. ब्रिज ज्याचा बनतो ते झिरकोनिया (एक कडक सिरॅमिक) आणि धातू होत नाहीत. उंच ब्रिजची "सवय" होते तेव्हा ब्रिज तसाच राहिलेला असतो. मार खातो समोरचा दात, नाहीतर जबड्याचे स्नायू.

एक गृहस्थ माझ्याकडे आले ते डोकेदुखीची फाइल घेऊन. डाव्या खालच्या दाढांवर दुसऱ्या दवाखान्यात बसवलेला तीन दातांचा ब्रिज. पहिल्या दिवसापासून चावताना आधी तोच लागायचा. घरच्यांनी सांगितलं, नवीन आहे, सवय होईल. ते उजवीकडून जेवू लागले. मग कानाजवळ दुखायला लागलं, सकाळी उठल्यावर कानशिलं जड. चष्म्याचा नंबर तपासून झाला, गोळ्या झाल्या. शेवटी ब्रिजच्या समोरची वरची दाढ ठणकू लागली तेव्हा त्यांना दातांचा डॉक्टर आठवला. कागद ठेवला तर ब्रिजच्या एका टोकावर गडद ठिपका, आणि पलीकडच्या दाढांवर रंगाचा मागमूस नाही. बरने (घासायच्या फिरत्या टोकाने) तेवढी जागा उतरवली, पॉलिश केलं, झालं. वरची दाढ शांत व्हायला मात्र पुढे काही आठवडे गेले. त्यांचं नशीब, तिची नस वाचली.

पॉलिशवरून आठवलं. ब्रिज घासून कमी केला की ती जागा गुळगुळीत करून घ्या. खरबरीत सिरॅमिक समोरचा नैसर्गिक दात झिजवत राहतं.

"एकदाच पक्कं करून टाका"

हे अधीर लोकांचं आवडतं वाक्य. शक्य असेल तिथे मी ब्रिज आधी टेंपररी सिमेंटवर काही दिवस ठेवतो, कारण पक्का केलेला ब्रिज काढायचा म्हणजे बहुतेक वेळा कापायचा. त्या दिवसांत दोन्ही बाजूंनी चावा, मोठ्याने वाचा, काय खटकतं ते लिहून ठेवा. याच्या उलट जातही आहे: ब्रिज छान बसला म्हणून परत फिरकतच नाहीत. टेंपररी सिमेंट लाळेत झिजतं आणि आतला दात गुपचूप किडतो.

अन्न अडकतं, एवढंच सांगणं

कुठे अडकतं ते सांगा. कृत्रिम दाताच्या खाली अडकत असेल तर सुपरफ्लॉस (ब्रिजखालून ओवता येणारा कडक टोकाचा दोरा) किंवा बारीक ब्रशने रोज साफ करायचं, ते तुमचं काम. ब्रिज आणि शेजारचा नैसर्गिक दात यांच्यामध्ये अडकत असेल तर तिथला संपर्क सैल आहे. ते डॉक्टरांचं काम, फ्लॉसने ती फट बुजत नाही.

थंड लागलं की घाबरणं, ठणकलं तरी थांबणं

थंड लागणं दिवसेंदिवस कमी होत असेल तर थोडे दिवस धीर धरा. आपोआप किंवा रात्री ठणका लागत असेल तर थांबू नका.

घरगुती कारागिरी

नेलफाइलने घासू नका. सुपरग्लू तर नकोच.

ब्रिज एका बाजूने हलतो, दाबल्यावर कडेला लाळेचे बुडबुडे येतात, वास येतो? एका टोकाचं सिमेंट सुटलंय. दुसरं टोक घट्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नका, सुटलेल्या टोकाखाली कीड झपाट्याने वाढते. पूर्ण निघाला तर धुऊन डबीत ठेवा आणि डबी घेऊन या. तसाच अडकवून झोपू नका, घशात जाऊ शकतो. सुपरग्लूने चिकटवून आणलात तर तो पुन्हा नीट बसेलच असं नाही, आणि नव्या ब्रिजचा खर्च मग तुमच्याच खिशातून.