क्वेरीने इंडेक्सचे किती ब्लॉक वाचले, ते कसे मोजावे

डेटाबेसची क्वेरी मंद चालली की पहिला हात इंडेक्सकडे, म्हणजे ओळी लवकर शोधून देणाऱ्या सूचीकडे जातो. पण इंडेक्स वापरला गेला एवढे पाहून भागत नाही. ब्लॉक किती वाचले ते मोजावे. इथे पोस्टग्रेस हा डेटाबेस धरला आहे. तो डेटा ठरावीक आकाराच्या तुकड्यांत, म्हणजे ब्लॉकमध्ये ठेवतो; त्याचा ब्लॉक सहसा ८ केबीचा असतो.

समजा, गोव्यातल्या हॉटेल बुकिंगचे मोठे टेबल आहे आणि तालुक्याच्या कॉलमवर बी-ट्री इंडेक्स आहे, म्हणजे क्रमाने लावलेले झाड: वर रूट, तळाशी लीफ.

१. क्वेरीपुढे एक्स्प्लेन (क्वेरी कोणत्या मार्गाने चालते ते दाखवणारा आदेश) लावा, सोबत अ‍ॅनलाइझ आणि बफर्स हे पर्याय द्या. अ‍ॅनलाइझमुळे क्वेरी खरोखर चालते, म्हणून अपडेट-डिलीट तपासताना आधी बिगिन आणि शेवटी रोलबॅक हवेच, म्हणजे बदल मागे घेतले जातात.

२. बफर्सची ओळ वाचा. 'हिट' म्हणजे पोस्टग्रेसच्या स्वतःच्या मेमरीत सापडलेले ब्लॉक, 'रीड' म्हणजे बाहेरून मागवलेले. रीड १२८० असेल तर १० एमबी झाले. मात्र रीड झालेला ब्लॉक डिस्कवरूनच आला असे नाही, ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशेतूनही येतो. त्यामुळे दुसऱ्यांदा चालवल्यावर मिळालेला झकास वेळ फसवा असतो. हिट आणि रीड यांची बेरीज धरा. ती फारशी हलत नाही.

३. आता दोन तालुके घालून पाहा. सत्तरीची बुकिंगे मोजकी: रूटपासून लीफपर्यंत तीन-चार ब्लॉक उतरायचे, तिथून शेजारच्या लीफच्या दुव्याने पुढे सरकायचे. लीफमधली नोंद टेबलाचा ब्लॉक क्रमांक सांगते, आणि खरा खर्च बहुतेक वेळा तिथे होतो, इंडेक्समध्ये नव्हे. बार्देशात कळंगुट-बागा असल्याने टेबलाच्या जवळजवळ प्रत्येक ब्लॉकमध्ये तिथली एखादी ओळ असणारच. इंडेक्सने गेलात तर सगळे टेबल वाचून वर इंडेक्सचे ब्लॉक वेगळे. प्लॅनर (क्वेरीचा मार्ग ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग) सीक्वेन्शियल स्कॅन घेतो, म्हणजे सगळे टेबल सलग वाचतो, ते बरोबरच आहे, त्याच्याशी भांडू नका. मधल्या संख्येला तो बिटमॅप स्कॅन निवडतो: ब्लॉक क्रमांक आधी गोळा करून टेबल क्रमाने वाचतो.

४. एसएसडी असूनही सत्तरीसाठी इंडेक्स टाळला जात असेल तर रँडम पेज कॉस्ट (विखुरलेला ब्लॉक वाचण्याचा प्लॅनरने धरलेला खर्च) पाहा. मूळ मूल्य ४ असते. एसएसडीवर बहुतेक जण ते १.१ च्या आसपास आणतात.

५. तालुकावार नुसती संख्या हवी असेल तर इंडेक्स-ओन्ली स्कॅन, म्हणजे फक्त इंडेक्स वाचणे पुरते. त्यातला 'हीप फेचेस' (टेबलात जाऊन पाहावे लागले त्या वेळा) हा आकडा शून्याजवळ हवा. हजारोंत असेल तर व्हॅक्यूम (टेबलाची साफसफाई करणारे काम) मागे पडला आहे: ओळ सर्वांना दिसते की नाही हे ठरवायला टेबल उघडावेच लागते. व्हॅक्यूम चालवून पुन्हा मोजा.