कोकणच्या पावसात शेळीची जंतांशी लढण्याची ताकद कशी राखावी

मिरगाच्या तोंडावर सगळ्या शेळ्यांना एकाच दिवशी जंताचं औषध पाजलं जातं. तरी गणपतीपर्यंत दोन-चार करडांच्या जबड्याखाली पाणी उतरतंच. औषध बदलून पाहण्याआधी शेळीच्या अंगात काय चालतं ते समजून घ्या, कारण जंतांवरचा खरा पहारा तिथे असतो.

कोकणच्या दमट पावसाळ्यात सगळ्यात घातक जंत म्हणजे हिमोंकस. हा चौथ्या पोटात राहून रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिली रक्त घालवतो, म्हणजे हजार जंत रोज 50 मिली. मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात आणि ऊब-ओल मिळाली की चार ते सात दिवसांत त्यांच्यातून निघालेल्या अळ्या लागण करण्याजोग्या होतात. गवतावरच्या पाण्याच्या पातळ थरातून त्या पात्यावर चढतात. शेळीने त्या खाल्ल्या की तीनेक आठवड्यांत पुन्हा अंडी सुरू होतात. जून ते सप्टेंबर हे चक्र थांबायला कारणच नसतं. एप्रिल-मेमध्ये कातळावर अळ्या वाळून मरतात, तेवढाच खंड.

शेळीचं अंग अळ्यांना एकदम मारत नाही. वारंवार थोड्या अळ्या पोटात गेल्या की तिथल्या अस्तराला त्यांची ओळख पटते. तिथे मास्ट पेशी आणि इओसिनोफिल या जंतांशी लढणाऱ्या पेशी जमतात, रक्तात आयजीई आणि अस्तरावर आयजीए ही प्रतिपिंडे वाढतात. पुढची अळी आली की मास्ट पेशी फुटतात, अस्तर पाझरू लागतं, दाट बुळबुळीत स्राव सुटतो, आतडं जोरात हलतं आणि अळीला चिकटायला जागा मिळत नाही. जी अळी टिकते ती खुरटी राहते आणि तिची मादी कमी अंडी घालते. कुरणावर चरणाऱ्या मेंढ्यांच्या अंड्यांची संख्या चढत जाऊन अचानक कोसळते आणि मग नवी लागण फारशी जमत नाही, हे जंतांचे अभ्यासक नॉर्मन स्टोल यांनी 1929 मध्ये मांडलं होतं. शेळीत ही ताकद मेंढीपेक्षा उशिरा येते आणि कच्ची राहते. ती मुळात झाडपाला ओरबाडणारी, जमिनीजवळचं गवत खाणारी नव्हे. वर्षाच्या आतल्या करडावर त्यामुळे भरवसा ठेवू नका.

ही ताकद टिकायला अधूनमधून थोडी लागण होत राहावी लागते आणि प्रथिनं पुरेशी मिळावी लागतात. एका वेळी अळ्यांचा भडिमार झाला किंवा खाणं तोकडं पडलं की ती ढासळते. विण्याआधी दोन आठवडे ते विल्यानंतर सहा-आठ आठवडे ती आपोआप खाली येते. नेमक्या त्याच वेळी आईच्या लेंडीतून अंडी वाढतात आणि करडं तिथेच तोंड घालू लागतात.

म्हणून आधी अळ्यांचा भार कमी करा. पावसात शक्य तितका पाला बांधून घाला: फणस, उंबर, जांभूळ, शेवगा, सुबाभूळ. जुड्या शेळीच्या तोंडाच्या उंचीवर टांगा. जमिनीवर पसरलेल्या पाल्यात लेंड्या मिसळतात आणि टांगण्याचा फायदाच जातो. चरायला सोडायचंच असेल तर पाती सुकल्यावर सोडा. गवत अर्ध्या वितीवर आलं की शेळ्या उठवा, कारण बहुतेक अळ्या खालच्या भागात असतात. गडग्याने वेगळे केलेले तुकडे असतील तर एका तुकड्यात चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका आणि निदान पाच आठवडे परत नेऊ नका. उष्ण दमट हवेत अळ्या लवकर उपाशी पडून मरतात, तेव्हा इथे तेवढा अवकाश पुरतो. रात्री पोफळीच्या किंवा बांबूच्या पट्ट्यांचं मचाण उत्तम. फटी साधारण अर्धा इंच ठेवा: लेंडी खाली पडावी, करडाचा पाय अडकू नये.

गाभण शेळीला शेवटच्या महिन्यात आणि दूध देणारीला खोबऱ्याची पेंड व भरडा मिळून रोज 200 ते 300 ग्रॅम खुराक द्या, पण आठवडाभर हळूहळू वाढवत. एकदम दिला तर पोट बिघडतं. नुसता भाताचा पेंढा घालून जंताचं औषध पाजत राहणं म्हणजे गळकी घागर भरण्यासारखंच आहे.

आता औषध कोणाला द्यायचं? कळपातल्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या शेळ्यांमध्ये बहुतेक जंत असतात. त्या शोधायला जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी पापणी बघा. वरची पापणी बोटाने डोळ्यावर ओढून बुबुळ हलकेच आत दाबा, खालची पापणी अंगठ्याने खाली ओढा आणि जी आतली त्वचा बाहेर येते तिचा रंग ‘फामाचा’ नावाच्या तक्त्याशी लावा; त्यात 1 म्हणजे लालभडक आणि 5 म्हणजे पांढराफटक अशा पाच छटा असतात. दोन सेकंदांत बघून सोडून द्या; जास्त वेळ धरली तर ती लाल होते. हे उघड्यावर दिवसाच्या उजेडात करायचं, वाड्यात बॅटरीच्या उजेडात नाही. दोन्ही डोळे बघा आणि जो फिका असेल तो धरा. 1 आणि 2 ला औषध नाही, 4 आणि 5 ला लगेच. 3 ला करडं, गाभण आणि दुभत्या शेळ्या यांना द्या. डोळे आलेले असतील तर रंग फसवा असतो. फिकेपणा गोचिडांमुळे किंवा भातखाचरातल्या गोगलगायींकडून येणाऱ्या यकृतातल्या पर्णकृमीमुळेही (पानासारखा चपटा जंत) येतो. आणखी एक फसगत म्हणजे हिमोंकसमध्ये हगवण बहुधा लागत नाही. लेंड्या छान गोल दिसतात आणि शेळी मात्र रक्ताविना खचत जाते.

वजन अंदाजाने ठरवू नका. छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे किलो. घेर 26 आणि लांबी 24 असेल तर साडेचोवीस किलो. पशुवैद्याने किलोमागे 10 मिलिग्रॅम अल्बेंडाझोल सांगितलं आणि बाटली 2.5 टक्क्यांची असेल, तर एका मिलीत 25 मिलिग्रॅम येतं आणि मात्रा सुमारे 10 मिली होते. अर्धवट मात्रेने जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. शेळीचं अंग बरीच औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणून मेंढीची मात्रा इथे तोकडी पडते. लेव्हामिसोल मात्र मनाने वाढवू नका, त्यात विषबाधेची सीमा जवळ आहे. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल टाळा.

पाजण्याआधी बाटली जोरात हलवा. औषध तळाशी बसतं, मग पहिल्या शेळ्यांना पाणीच मिळतं आणि शेवटच्यांना चौपट. सिरिंज तोंडाच्या कोपऱ्यातून जिभेच्या मागे न्या, मान आडवीच ठेवा. तोंड आभाळाकडे केलं तर औषध फुफ्फुसात जातं.

औषध लागू पडलं का, हे कळायला पाजण्याच्या दिवशी आणि 10 ते 14 दिवसांनी त्याच शेळ्यांच्या ताज्या लेंड्या तपासायला द्या. घरी सूक्ष्मदर्शक आणि मॅकमास्टर काच (अंडी मोजायची दोन खान्यांची काच) असेल तर 2 ग्रॅम लेंडी 28 मिली संपृक्त मिठाच्या पाण्यात चुरडून गाळा, दोन्ही खाने भरा, पाच मिनिटं थांबा आणि मोजलेली अंडी गुणिले 50 करा. अंड्यांतली घट 95 टक्क्यांहून कमी असली तर त्या औषधाचा संशय धरा. पर्णकृमीची अंडी मात्र मिठाच्या पाण्यावर तरंगत नाहीत, तेव्हा ती दिसली नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका.

कानातल्या बिल्ल्याचा नंबर, तारीख, पापणीचा रंग आणि दिलेलं औषध एका वहीत लिहा. एका पावसाळ्यात तीनदा औषध लागलेली शेळी पुढच्या वर्षी कळपात ठेवू नका. जंतांशी लढण्याची ताकद काही अंशी आईबापांकडून येते. म्हणून पैदाशीचा बोकड निवडताना त्याच्या रुंद छातीआधी त्याच्या आईचं पान उघडा.