सुगम्यता चाचणीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये संगणकशास्त्राची पदवी घेऊन मी संकेतस्थळांच्या सुगम्यता चाचणीच्या, म्हणजे दिव्यांग व्यक्तींना ती वापरता येतात की नाही हे तपासण्याच्या, कामाला लागले, तेव्हा ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ हे नावही मी ऐकलेले नव्हते, आणि स्वयंचलित साधनाने दाखवलेल्या चुका दुरुस्त केल्या की काम संपले, अशी माझी समजूत होती.

ती मोडली एका शिक्षणसंस्थेच्या प्रवेशसूचनेने. साधनाला त्या पानावर एकही चूक सापडली नव्हती. पण माझ्या दृष्टिहीन सहकाऱ्याने त्यावरची पीडीएफ एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर) उघडली, तेव्हा ऐकू आली ती रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची निरर्थक जंत्री. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, नव्हता, तर जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला होता, ज्यात डोळ्यांना ‘क’ दिसतो, पण फाइलच्या पोटात भलत्याच अक्षराचा संकेतांक असतो. मराठीत काम करणाऱ्याने सर्वांत आधी हेच तपासावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण इंग्रजी पाठ्यपुस्तकांत या दोषाचा उल्लेख क्वचितच आढळतो.

कायदा मात्र मुळातून वाचावा. कलम ४२ नुसार श्राव्य, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य स्वरूपात मिळावा, तसेच ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि उपशीर्षके यांची सोय व्हावी, यासाठी शासनाने उपाययोजना करायच्या आहेत. याच अधिनियमाखालील २०१७ च्या नियमांतील, सुगम्यता मानकांविषयीचा नियम १५(१) सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी अधिनियमाशी विसंगत ठरवला. अधिनियमाला बंधनकारक मानके अभिप्रेत असताना त्या नियमाने केवळ शिफारशींवर भागवले होते. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला गेला. त्या प्रकरणात ई-केवायसीसाठी (ऑनलाइन ओळख पडताळणीसाठी) पापण्यांची उघडझाप करून दाखवण्याची अट ॲसिड हल्ल्यातील पीडितांना अडसर ठरत होती.

परदेशी ग्राहकांच्या कामात अमेरिकेच्या पुनर्वसन कायद्याचे कलम ५०८ आणि २८ जून २०२५ पासून लागू झालेला युरोपीय सुगम्यता कायदा यांचा संबंध येतो, पण दोन्हींच्या मुळाशी डब्ल्यूसीएजी या संकेतस्थळांच्या सुगम्यतेविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचेच निकष असल्याने ते एकदा नीट शिकलेले पुरतात.

पहिल्या आठवड्यात माऊस काढून ठेवावा आणि रोजच्या वापरातला एखादा अर्ज फक्त कळफलकाने भरून पाहावा. डोळे मिटून स्क्रीन रीडर वापरला म्हणजे दृष्टिहीनाचा अनुभव कळला, असे मात्र समजू नये. चाचणीत दिव्यांग वापरकर्ते हवेत, आणि त्यांच्या वेळेचे मानधन अंदाजपत्रकात आधीच धरावे.

अहवालात ‘पान सुगम्य नाही’ एवढेच लिहिले, तर विकसक तो बाजूला ठेवतो. ‘जन्मतारखेच्या रकान्याला लेबल नाही, त्यामुळे स्क्रीन रीडर तिथे नुसते “संपादन” म्हणतो’ असे लिहिले, तर दुरुस्ती बहुधा त्याच दिवशी होते.